उल्कावर्षावांच्या जुन्या नोंदी व त्यांचा कालनिर्णय

जुनी शकावली, बखर किंवा पंचांगाच्या समासांत केलेलें टिपण वाचीत असतां मध्येंच रात्रीं तारे तुटल्याची वा आकाशांतून अग्नि पडल्याची एखादी ओळ आली, तर बहुतेक वाचक ती सोडून पुढें जातो. लढाईची मिति, तहाचें कलम, वतनाचा निवाडा यांच्या शोधांत असलेल्या माणसास त्या ओळीचें मोल वाटत नाहीं. शकुन-अपशकुनाच्या सदरांत घालून नक्कल करतांना ती गाळलीही जाते. प्रस्तुत लेखांत आम्हांस दाखवावयाचें आहे तें हें कीं, अशा ओळी मितीसह जपल्या गेल्या म्हणूनच एकोणिसाव्या शतकांत ज्योतिषशास्त्रांतील एका महत्त्वाच्या प्रश्नाचा निकाल लागला; आणि तोच न्याय उलट लाविला असतां मिति नसलेल्या कागदासही कधीं कधीं मिति मिळूं शकते. मात्र नोंद कशी वाचावी व तिची मिति कशी उलगडावी याचे कांहीं नियम आहेत. त्यांचा विचार पुढें क्रमानें केला आहे.

(१) वर्षाचें उल्काचक्र

निरभ्र अंधाऱ्या रात्रीं तासाभरांत पांच-सात तारे तुटतांना दिसतात, त्यांत विशेष नियम नसतो. परंतु वर्षांतील ठराविक रात्रीं त्यांची संख्या वाढते, आणि त्यांच्या वाटा मागें वाढवून पाहिल्या तर त्या आकाशांतील एकाच बिंदूपासून निघाल्यासारख्या भासतात. यास उल्कावर्षाव म्हणतात. धूमकेतु सूर्याजवळून जातांना आपल्या मागें धूळ व बारीक खडे टाकीत जातो व ते त्याच्या कक्षेवर पसरतात. पृथ्वी दरवर्षीं आपल्या मार्गांतील त्याच ठिकाणीं आली म्हणजे हे कण सेकंदास वीसपासून सत्तर किलोमीटरपर्यंतच्या वेगानें वातावरणांत शिरून सुमारें शंभर किलोमीटर उंचीवर जळतात. त्यांच्या वाटा वस्तुतः समांतर असतात. लांब सरळ रस्त्याच्या दोन्ही कडा दूरवर एकत्र मिळाल्यासारख्या दिसाव्या तसाच एका बिंदूचा तो भास होय. ज्या तारकापुंजांत हा बिंदु पडतो त्याचें नांव वर्षावास देतात.

हल्लींच्या मानानें वर्षाचें चक्र असें आहे. जानेवारीच्या ३-४ तारखेस भूतपाच्या उत्तरभागांतून एक वर्षाव येतो. त्यास भित्तियंत्र नांवाच्या जुन्या तारकापुंजाचें नांव आहे. तो पुंज आकाशाच्या नकाशांतून काढला गेला, पण नांव वर्षावानें राखलें. एप्रिलच्या २२ तारखेच्या सुमारास स्वरमंडळांतून, मेच्या ५-६ तारखेस कुंभेंतून, जुलैअखेर पुनः कुंभेंतूनच दुसरा, ऑगस्टच्या १२-१३ तारखेस ययातींतून, ऑक्टोबरच्या २१ तारखेस मृगांतून, नोव्हेंबरच्या १७ तारखेस सिंहेंतून, डिसेंबरच्या १४ तारखेस मिथुनेंतून व २२ तारखेच्या सुमारास ध्रुवमत्स्यांतून, असे हे मुख्य वर्षाव होत. यांपैकीं मे महिन्यांतील कुंभेचा व ऑक्टोबरांतील मृगाचा हे दोन्ही हॅलेच्या एकाच धूमकेतूच्या धुळीचे आहेत. मिथुनेच्या वर्षावाचें मूळ मात्र १९८३ सालीं सांपडलेला फेथॉन नांवाचा, दिसण्यांत लघुग्रहासारखा, गोल आहे.

महाराष्ट्रापुरतें पाहिलें तर जुलै व ऑगस्ट हे दोन महिने ढगांखालीं जातात. युरोपांत ज्या ययातीच्या वर्षावाची सर्वांत अधिक ख्याति आहे, तो आमच्याकडे बहुधा दृष्टीसच पडत नाहीं. उलट कार्तिक, मार्गशीर्ष व पौष या महिन्यांत आकाश स्वच्छ असतें आणि सिंह व मिथुन हे दोन मोठे वर्षाव त्याच वेळीं येतात. दक्षिणेंतील जुन्या कागदांत वर्षावाची नोंद शोधावयाची तर प्रथम याच महिन्यांकडे लक्ष द्यावें हें ओघानेंच आलें.

(२) वर्षाव दरवर्षीं येतात हें केव्हां समजलें

ही गोष्ट आज सोपी वाटते. पण ती उघडकीस येऊन दोनशें वर्षेंही झालीं नाहींत. ता. १२ नोव्हेंबर १७९९ रोजीं दक्षिण अमेरिकेंत कुमाना येथें हुंबोल्ट व बोंप्लां या प्रवाशांनीं पहाटे हजारों उल्का पडतांना पाहिल्या. हुंबोल्टनें तेथील वृद्धांकडे चौकशी केली, तेव्हां १७६६ च्या मोठ्या भूकंपापूर्वीं असाच प्रकार झाल्याची त्यांची आठवण त्यास कळली. त्यानें ती लिहून ठेविली. तिचा अर्थ लागावयास मात्र बराच काळ जावा लागला.

ता. १३ नोव्हेंबर १८३३ च्या पहाटे उत्तर अमेरिकेच्या पूर्वभागांत तारे इतके दाट पडले कीं, पुष्कळ लोकांस प्रलय आलासें वाटलें. येल येथील अध्यापक डेनिसन ओल्मस्टेड यानें वर्तमानपत्रांतून लोकांकडून वृत्तांत मागविले व ते एकत्र करून असें दाखविलें कीं, सर्व उल्का मघा नक्षत्राच्या कोयत्यांतून निघाल्या होत्या, आणि आकाश जसजसें पश्चिमेकडे सरकलें तसतसा तो बिंदुही ताऱ्यांबरोबर सरकला. अर्थात् उल्कांचें मूळ वातावरणांत नसून पृथ्वीबाहेर आहे हें ठरलें. पुढें तीन-चार वर्षांत ब्रसेल्सचा केटले व अमेरिकेंतील हेरिक यांनीं ऑगस्ट महिन्यांतील वर्षाव दरवर्षीं येतो असें जुन्या टिपणांवरून दाखविलें. ऑगस्टच्या १० तारखेस संत लॉरेन्सचा सण असतो. त्या रात्रीं पडणाऱ्या ताऱ्यांस युरोपांतील सामान्य लोक त्या संताचे अश्रु म्हणत आले होते. पंडितांस जें नवें वाटलें त्याची खूण लोकांच्या बोलण्यांत आधींच होती.

(३) बखरींनीं दिलेला निकाल

सिंहेचा वर्षाव दरवर्षीं थोडाफार येतो. १७९९ व १८३३ सारखा भयंकर कांहीं वर्षांनींच येतो. तो किती वर्षांनीं, हा प्रश्न उरला. ओल्बर्स यानें १८३७ मध्येंच अदमासानें १८६७ साल सांगितलें होतें. परंतु दोन-तीन वेळांवरून नियम बांधतां येत नाहीं. येथें ग्रंथसंग्राहकांचें काम उपयोगी पडलें. एदुआर बिओ या फ्रेंच चीनविद्यापंडितानें चिनी राजदरबारच्या इतिहासांतून चोवीस शतकांच्या उल्कांच्या नोंदी काढून त्यांची यादी १८४० नंतरच्या दशकांत प्रसिद्ध केली. ती यादी, अरबी इतिहास व युरोपांतील मठांचे वृत्तांत यांतून येलच्याच ह्यूबर्ट न्यूटन यानें १८६४ सालीं सिंहेचे तेरा वर्षाव निवडून काढले. त्यांचीं सालें अशीं : ९०२, ९३१, ९३४, १००२, ११०१, १२०२, १३६६, १५३३, १६०२, १६९८, १७९९, १८३२ व १८३३. या सालांवरून त्यानें ३३¼ वर्षांचें आवर्तन काढिलें व १८६६ च्या नोव्हेंबरांत पुनः मोठा वर्षाव होईल असें भाकित केलें. ता. १३-१४ नोव्हेंबर १८६६ च्या रात्रीं युरोपांत तो झाला.

परंतु खरें महत्त्व या भाकिताहून पुढच्या गोष्टींत आहे. आवर्तन ३३¼ वर्षांचें असलें तरी उल्कांचा सूर्याभोंवतीं फिरण्याचा काळ तितकाच असला पाहिजे असें नाहीं. न्यूटननें पांच काळ संभवनीय ठरविले : सुमारें १८०, १८५, ३५५ व ३७७ दिवस, आणि पांचवा ३३¼ वर्षें. त्याचा स्वतःचा कल ३५५ दिवसांकडे होता. यांतून खरा कोणता, हें दुर्बिणीनें ठरण्यासारखें नव्हतें. ठरलें तें जुन्या मित्यांवरून. ९०२ पासूनच्या नोंदी पाहिल्या तर वर्षावाची तारीख हळूहळू पुढें सरकलेली आहे. ९०२ सालचा वर्षाव जुन्या पद्धतीच्या १३ ऑक्टोबरच्या सुमाराचा, म्हणजे नव्या पद्धतीनें १८ ऑक्टोबरचा. आणि १८३३ सालचा १३ नोव्हेंबरचा. ९३१ वर्षांत २६ दिवसांचा फरक पडला. त्यांतील सुमारें तेरा दिवस अयनचलनाचे वजा केले तरी तेरा दिवस शिल्लक राहतात. म्हणजे ज्या ठिकाणीं पृथ्वी धुळीच्या कक्षेस ओलांडते तें ठिकाणच ताऱ्यांच्या संबंधानें दर ३३¼ वर्षांस सुमारें २९ कला पुढें जात आहे. केंब्रिजचा जॉन कूच ॲडम्स यानें १८६७ सालीं हिशेब करून दाखविलें कीं, पहिल्या चार काळांपैकीं कोणताही घेतला तर ग्रहांच्या आकर्षणानें इतकी गति येऊं शकत नाहीं. ३३¼ वर्षांचा काळ घेतला तर गुरूमुळें २०, शनीमुळें ७ व प्रजापतीमुळें १ मिळून २८ कला येतात. बखरींनीं २९ दिल्या, गणितानें २८ दिल्या. याच सुमारास टेंपेल व टटल यांनीं शोधलेल्या धूमकेतूची कक्षा उल्कांच्या कक्षेशीं जुळली आणि स्कियापारेल्ली यानें ययातीच्या उल्कांचा १८६२ च्या स्विफ्ट-टटल धूमकेतूशीं असलेला संबंध आधींच दाखविला होता; तेव्हां उल्का म्हणजे धूमकेतूची धूळ हें सर्वमान्य झालें.

ज्या लेखकांनीं त्या ओळी लिहिल्या त्यांस कक्षा, पात किंवा ग्रहांचें आकर्षण यांची कल्पनाही नव्हती. त्यांनीं रात्र कोणती तें लिहिलें, एवढ्यानेंच हजार वर्षांनंतरचें गणित पडताळतां आलें.

(४) शकुनाकडे ओढली जाणारी मिति

जुनी नोंद जशीच्या तशी घ्यावी असा याचा अर्थ नव्हे. ९०२ सालचेंच उदाहरण पाहावें. आफ्रिकेंतील अघलबी वंशाचा राजा इब्राहीम बिन अहमद हा इटलींत स्वारीवर असतां मेला, आणि त्याच रात्रीं असंख्य तारे पावसासारखे उजवी-डावीकडे विखुरले, म्हणून त्या वर्षास ताऱ्यांचें वर्ष म्हणूं लागले, असा अरबी वृत्तांत आहे. इब्राहीमचा मृत्यु सामान्यतः २३ ऑक्टोबर ९०२ रोजीं झाला असें मानितात. वर्षाव त्यापूर्वीं दहा दिवस झालेला. वर्षाव खरा, मृत्यु खरा. दोहोंची रात्र एक करणें हें मात्र लेखकाचें काम. राजाचा मृत्यु, पराभव, दुष्काळ अशा प्रसंगांजवळ आकाशांतील उत्पात सरकवून आणण्याची प्रवृत्ति सर्व देशांतील बखरकारांत आहे. म्हणून उल्कापात एखाद्या मोठ्या घटनेस जोडून सांगितला असेल तेथें त्या घटनेची मिति उल्कापातास आपोआप लावूं नये. ज्या नोंदीस असें कांहीं निमित्त नाहीं, ती त्या मानानें अधिक विश्वसनीय.

याच्या उलट चिनी नोंदींची तऱ्हा आहे. तेथेंही उत्पातांस राजकीय अर्थ होता, परंतु दरबारीं नेमलेले निरीक्षक रात्रीं जागून घडलेलें रोजच्या रोज लिहीत. वसंत-शरद या नांवानें प्रसिद्ध असलेल्या लू राज्याच्या इतिहासांत इ. स. पू. ६८७ मधील एका रात्रीं नेहमींचे तारे दिसेनासे झाले व मध्यरात्रीं तारे पावसासारखे पडले असें साठ दिवसांच्या चक्रांतील दिवसासह दिलें आहे. हा स्वरमंडळाच्या वर्षावाचा सर्वांत जुना उल्लेख समजतात. ययातीच्या वर्षावाचा जुना उल्लेख इ. स. ३६ च्या जुलै महिन्याचा, तोही चिनीच. १९५८ सालीं जपानचे इमोटो व हासेगावा यांनीं चीन, कोरिया व जपान या तिन्ही देशांच्या नोंदींचा एकत्र संग्रह केला, तो अद्याप या विषयाचा पाया मानला जातो.

(५) मित्यांचा उलगडा

आतां आमच्या कागदांस लागू पडणारा मुख्य मुद्दा. वर्षाव पृथ्वीच्या कक्षेंतील ठराविक ठिकाणाशीं, म्हणजे सूर्याच्या नक्षत्रसापेक्ष स्थितीशीं, बांधलेला असतो. आमचे लोक मिति लिहीत ती चंद्राची. त्यामुळें तोच वर्षाव दरवर्षीं निराळ्या तिथीस पडतो. आम्हीं गणित करून पाहिलें तें असें : १७९९ चा वर्षाव शके १७२१ कार्तिक पौर्णिमेच्या सुमारास येतो, १८३३ चा शके १७५५ कार्तिक शुद्ध प्रतिपदेच्या सुमारास, १८६६ चा शके १७८८ कार्तिक शुद्ध षष्ठी-सप्तमीच्या सुमारास. या तीन तिथि शेजारीं मांडल्या तर त्यांत दरवर्षींचें कांहीं आहे असें कोणासही सुचणार नाहीं. हिजरी मित्यांत तर घोटाळा अधिकच, कारण तें वर्ष दरवर्षीं सुमारें अकरा दिवसांनीं मागें सरकतें. १२०२ चा वर्षाव अरबी लेखक हिजरी ५९९ च्या मोहरमाच्या अखेरच्या रात्रीं देतात. ही तारीख १९ ऑक्टोबर १२०२ होते हें कळल्यावांचून ९०२ च्या नोंदीशीं तिचें नातें दिसणें शक्य नव्हतें. निरीक्षक कमी पडले नाहींत. पंचांगानेंच नियम झांकून ठेविला.

यावरचा उपाय आमच्याच पद्धतींत आहे, तो संक्रांतीचा. निरयन संक्रांति नक्षत्रांशीं बांधलेली असल्यानें ती वर्षावाशीं फार सावकाश फरक पावते. हल्लीं सिंहेचा वर्षाव वृश्चिकसंक्रांतीनंतर सुमारें एक दिवसानें येतो. शिवकालीं तो तिच्या दोन-तीन दिवस आधीं, नव्या पद्धतीच्या ८-९ नोव्हेंबरच्या सुमारास येत असे. ज्या महिन्यांत वृश्चिकसंक्रांति तो कार्तिक. म्हणून या वर्षावाची नोंद जवळजवळ नेहमीं कार्तिकांतच, क्वचित् त्याच्या कडेस, सांपडावी. मिथुनेचा वर्षाव हल्लीं धनुसंक्रांतीच्या दोन दिवस आधीं, म्हणून बहुधा मार्गशीर्षांत येतो. ययातीचा सिंहसंक्रांतीच्या चार-पांच दिवस आधीं, म्हणून बहुधा श्रावणांत. सिंहेचें ठिकाण जसें सरकलें तसें प्रत्येकाचें सरकलेंच असेल असें नाहीं. तेव्हां प्रत्येक वर्षावाचें जुनें स्थान स्वतंत्र पाहावें.

याशिवाय तीन सावधगिऱ्या घ्याव्या. पहिली दिवसाच्या आरंभाची. आमचा वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत, हिजरी दिवस सूर्यास्तापासून, व इंग्रजी तारीख मध्यरात्रीपासून. सिंहेचा वर्षाव मघा उगवल्यावर, म्हणजे उत्तररात्रीं दिसतो. मंगळवारच्या रात्रीं चौथ्या प्रहरीं पाहिलेला वर्षाव आमच्या लेखकाच्या लेखीं मंगळवारचाच राहील. इंग्रजींत तो बुधवारचा होईल. मोडी पत्रांतील चंद्र देतांना, म्हणजे "छ" घालून हिजरी महिन्याचा दिवस लिहिलेला असतां, हा विचार दुप्पट जपून करावा. दुसरी सावधगिरी युरोपियन तारखांची. पोर्तुगालनें नवी पद्धत १५८२ सालींच घेतली. इंग्रजांनीं १७५२ पर्यंत जुनी ठेविली. सतराव्या शतकांत दोहोंत दहा दिवसांचें अंतर आहे, तेव्हां शिवकालीन इंग्रजी वखारीच्या पत्रांत सिंहेचा वर्षाव ऑक्टोबरच्या अखेरीस शोधावा लागेल. तिसरी सावधगिरी साधनांची. मोडकांची किंवा खरे यांची जंत्री तारखेस पुरी पडते. परंतु संक्रांतीपासूनचें अंतर व तिथीची समाप्ति पाहावयाची तर दिवान बहादूर स्वामीकन्नू पिल्ले यांच्या कोष्टकांसारखें गणिताचें साधन हाताशीं असावें.

(६) उलट न्याय : वर्षावावरून मिति

वर्षाव केव्हां झाले हें एकदां ठरलें म्हणजे त्यांवरून कागदांची मिति तपासतां येते. याचें उत्तम उदाहरण अमेरिकेंतील डाकोटा लोकांचें आहे. हे लोक दर हिंवाळ्यास त्या वर्षींच्या एका ठळक गोष्टीचें चित्र कातड्यावर काढून कालगणना ठेवीत. सालाचा आंकडा कोठेंच नसे. लोन डॉग याच्याकडील अशा गणनेचा अभ्यास गॅरिक मॅलरी यानें करून ती १८७७ सालीं प्रसिद्ध केली. त्या गणनेंत एका हिंवाळ्यास तारे पडल्याचें चित्र आहे, तसेंच तें इतर अनेक कातड्यांवरही आहे. तो हिंवाळा १८३३-३४ चा. ही एक खूण पक्की झाली म्हणजे तिच्या मागच्या-पुढच्या चित्रांचीं सालें मोजून काढतां येतात, आणि निरनिराळ्या गणना एकमेकींशीं ताडून पाहतां येतात. ज्यास आपण रानटी लोकांचें चित्रकाम म्हणून बाजूस ठेवूं, तें एका रात्रीमुळें इतिहासाचें साधन झालें.

आमच्याकडेंही एखाद्या मितिरहित करीन्यांत किंवा आठवणीवरून लिहिलेल्या हकीकतींत सर्व आकाश भरून तारे पडल्याचें वर्णन मिळालें, तर हा न्याय लावून पाहतां येईल. पण तो बेतानेंच लावावा. एकाच वेळीं सर्व पृथ्वीवर वर्षाव दिसत नाहीं. ऐन भर कांहीं तासांचाच असतो, आणि त्या तासांत ज्या देशांत उत्तररात्र असेल तेथेंच तो दिसतो. १८३३ ची भर अमेरिकेंत पहाटे होती, तेव्हां आमच्याकडे दिवसाचा तिसरा प्रहर होता. तसेंच ३३ वर्षांचा हिशेब यंत्रासारखा धरूं नये. १८९९ सालीं सर्व युरोप वर्षावाची वाट पाहत असतां तो फसला, कारण गुरु व शनि यांच्या ओढीनें धुळीचा दाट भाग बाजूस गेला होता. स्टोनी व डाउनिंग यांनीं हें आगाऊ सांगितलेंही होतें. पुढें १९६६ मध्यें अमेरिकेंत पुनः प्रचंड वर्षाव झाला. १९९९ सालीं ॲशर व मॅक्नॉट यांनीं धूमकेतूच्या प्रत्येक फेरीची धूळ वेगळी धरून गणित केलें, तें मिनिटांच्या अंतरानें खरें ठरलें. १९९८ सालीं ज्या तेजस्वी उल्का दिसल्या त्या धूमकेतूनें १३३३ च्या फेरींत टाकलेल्या खड्यांच्या होत्या असें याच पद्धतीनें निघालें. म्हणजे देवगिरीचें राज्य बुडाल्यानंतरच्या पहिल्या पिढींत सुटलेले खडे या पिढीनें जळतांना पाहिले.

(७) नाहींसे झालेले वर्षाव

सर्वच वर्षाव टिकत नाहींत, आणि यामुळें जुन्या नोंदींचें मोल आणखी वाढतें. बिएला याच्या धूमकेतूचे १८४६ सालीं दोन तुकडे झालेले दिसले. १८५२ नंतर तो कोणासही दिसला नाहीं. त्याऐवजीं २७ नोव्हेंबर १८७२ च्या सायंकाळीं देवयानींतून उल्कांचा मोठा वर्षाव झाला. गटिंगेनचा क्लिंकरफ्यूस यानें ता. ३० रोजीं मद्रासच्या वेधशाळेंत पॉगसन यास तार करून, धूमकेतु पृथ्वीस शिवून गेला आहे, दक्षिण आकाशांत नरतुरंगांतील एका ताऱ्याजवळ शोधावा, असें कळविलें. पॉगसनला डिसेंबरच्या २ व ३ तारखेस तेथें धूमकेतूसारखें कांहीं दिसलें, पण पुढें ढग आले. तें बिएलाचें अवशेष नव्हतें असें नंतरच्या गणितावरून मानितात. हिंदुस्थानाचें नांव या प्रकरणाशीं असें जोडलें गेलें. १८८५ च्या त्याच रात्रीं वर्षाव पुनः आला. त्यानंतर तो क्षीण होत जाऊन आज जवळजवळ लुप्त झाला आहे. हा वर्षाव सायंकाळीं दिसे, सिंहेचा पहाटे. कार्तिक-मार्गशीर्षांतील नोंदींत प्रहर दिलेला असेल तर केवळ त्यावरूनही दोहोंतील भेद करतां येईल. प्रहराचा शब्द नक्कलकारानें गाळला तर तो भेद कायमचा गेला.

दुसरें उदाहरण जानेवारींतील वर्षावाचें. त्याचा जनक २००३ सालीं सांपडलेला एक लहान गोल असावा असें ठरलें, आणि १४९० च्या अखेरीस चीन, कोरिया व जपान येथें पाहिलेला धूमकेतु त्याच कुळांतील असावा असें मानितात. पांचशें वर्षांपूर्वींच्या दरबारी टिपणाचा उपयोग एकविसाव्या शतकांतही संपलेला नाहीं.

(८) शब्दांचा विचार व विनंति

नोंद वाचतांना शब्दाकडे लक्ष द्यावें. सहाव्या शतकांत वराहमिहिरानें बृहत्संहितेंत धिष्ण्या, उल्का, अशनि, विद्युत् व तारा असे पांच प्रकार केले आहेत. म्हणजे उल्का हा शब्द तेथें एका विशिष्ट प्रकाराचा वाचक आहे. शिवाय संस्कृतांत त्याचा मूळ अर्थ कोलित असाही आहे. एकच मोठी उल्का गर्जना करीत जाणें व असंख्य बारीक तारे पडणें या दोन अगदीं भिन्न गोष्टी होत. पहिलीस वर्षाचा नियम नाहीं, दुसरीस आहे. शेंडेनक्षत्र म्हणजे धूमकेतु, तो अनेक रात्री दिसतो. त्याची नोंद निराळी ठेवावी. एकवचन कीं अनेकवचन, एक रात्र कीं अनेक, एवढें मूळ शब्दांत असलें तरी पुष्कळ उलगडा होतो.

म्हणून ज्यांच्याजवळ दप्तरें, पोथ्या व जुनीं पंचांगें आहेत त्या संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, अशी ओळ आढळल्यास ती अक्षरशः उतरून घ्यावी. शक, संवत्सर, मास, पक्ष, तिथि व वार जसे असतील तसे, परस्परविरुद्ध असले तरी न सुधारतां द्यावे. प्रहर व दिशा असल्यास त्याही द्याव्या. आणि ओळ मूळ हाताची कीं मागाहून घातलेली, शाई व वळण तेंच कीं निराळें, हें कळवावें. पंचांगाच्या समासांतील टिपणांकडे विशेष लक्ष पुरवावें, कारण तीं त्या त्या दिवशींच लिहिलेलीं असण्याचा संभव अधिक. तिथि व वार जुळत नाहींत म्हणून नोंद टाकून देऊं नये; दिवसाच्या आरंभाचा घोटाळा दूर केल्यावर ते पुष्कळदां जुळतात. अशा पंचवीस-तीस नोंदी एकत्र आल्या तर त्यांतील खऱ्या कोणत्या व ऐकीव कोणत्या हें संक्रांतीपासूनच्या अंतरावरून बरेंच निवडतां येईल. पंचांगें कसरीनें खाल्लीं जात आहेत; समास आधीं झिजतो व मजकूर मागाहून. तेव्हां हें काम समासापासून सुरू करावें हें बरें.